मामेभावाची पुस्तकं आणि सीए इंटर: काय ठेवायचं, काय रद्दीत घालायचं

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार, मी बार्शीची, बीकॉमच्या सेकंड इयरला आहे. सीए फाउंडेशन गेल्या वर्षी निघाली, इंटरचं रजिस्ट्रेशन पण झालंय, येत्या सप्टेंबरला दोन्ही ग्रुप द्यायचा विचार आहे. माझा मामेभाऊ सीए आहे, त्याने त्याची २०१९ ची सगळी पुस्तकं, हाताने काढलेल्या नोट्स आणि पेनड्राइव्हमधली लेक्चर्स मला दिली. पप्पांचं किराणा दुकान आहे, पुण्याचा क्लास झेपणार नाही म्हणून मी घरीच करतेय. लॉपासून सुरुवात केली, बेलमेंट, एजन्सी वगैरे महिनाभर वाचलं. परवा मैत्रीण म्हणाली हे सगळं ओल्ड कोर्सचं आहे, रद्दीत दे. तेव्हापासून पुस्तक उघडायची इच्छाच होत नाहीये. खरंच सगळं वाया गेलं का? नव्या पुस्तकांना पैसे मागायची लाज वाटते, आणि दादाला काय सांगू तेही कळत नाही. – एस."

एस., तुझी मैत्रीण अर्धी बरोबर आहे. कुठलं अर्धं ते मात्र प्रत्येक पेपरचं वेगळं बघावं लागेल, सगळा गठ्ठा एकाच काट्यावर मोजून चालणार नाही.

आधी काय झालंय ते समजून घे, म्हणजे दादाने काही चुकीचं दिलं असं पण वाटायला नको. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटची (आयसीएआय) नवीन स्कीम १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि इंटरची त्या स्कीमची पहिली परीक्षा मे २०२४ ला झाली. आधी इंटरला आठ पेपर होते, आता सहा आहेत. ग्रुप १ मधे अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, कॉर्पोरेट अँड अदर लॉज आणि टॅक्सेशन, ग्रुप २ मधे कॉस्टिंग, ऑडिटिंग अँड एथिक्स आणि एफएम-एसएम (फायनान्शियल मॅनेजमेंट आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट). दादाच्या वेळी अकाउंट्सचे दोन पेपर होते ते आता एकात आले, ईआयएस (एंटरप्राइज इन्फॉर्मेशन सिस्टिम्स) गेलं, इकॉनॉमिक्स फॉर फायनान्स गेलं, आणि उरलेलं एसएम एफएमच्या शेजारी आणून बसवलं, पन्नास-पन्नास मार्कांना. म्हणजे त्या गठ्ठ्यातली ईआयएस आणि इकॉनॉमिक्सची पुस्तकं आजच बाजूला काढ, त्यांचा तुझ्याशी काही संबंध नाही, उगाच टेबलावर राहिली की अभ्यास डोंगराएवढा वाटतो.

आता तुझा तो महिना. बेलमेंट आणि एजन्सी वाचताना तुला एकदाही वाटलं नाही का गं की हे आपण कुठेतरी केलंय? ते सगळं, म्हणजे इंडेम्निटी-गॅरंटी, बेलमेंट-प्लेज, एजन्सी, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स, नव्या स्कीममधे फाउंडेशनला गेलंय, तू त्याचा पेपर देऊन पास होऊन आलीयेस! त्याच्या बदल्यात इंटरला कंपनी लॉच्या जोडीला एलएलपी ॲक्ट (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा) आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) आहे, जनरल क्लॉजेस ॲक्ट आणि इंटरप्रिटेशन ऑफ स्टॅट्यूट्स आधीसारखंच आहे. एलएलपी आणि फेमा दादाच्या इंटरच्या पुस्तकात तू कितीही शोधलंस तरी सापडणार नाही. तर हो, तो महिना गेला, त्याला काही इलाज नाही, पण एकच महिना गेलाय आणि तोही मैत्रिणीने वेळेत टोकलं म्हणून, तिला चहा पाज.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. जे पुस्तकात नाहीच ते आपल्याला येत नाही हे निदान आपल्याला पेपर हातात आल्यावर कळतं तरी. पण जे पुस्तकात आहे, छान समजलंय, पाठ झालंय आणि आता चूक आहे, ते आपण एकदम कॉन्फिडन्सने लिहून येतो आणि रिझल्ट लागला की री-चेकिंगचा विचार करत बसतो. एक उदाहरण देते, स्मॉल कंपनी. २०१९ च्या पुस्तकात व्याख्या काय आहे बघ, पेड-अप कॅपिटल ५० लाखांपर्यंत आणि टर्नओव्हर २ कोटींपर्यंत. १ एप्रिल २०२१ पासून ते २ कोटी आणि २० कोटी झालं, सप्टेंबर २०२२ मधे ४ कोटी आणि ४० कोटी झालं, आणि १ डिसेंबर २०२५ पासून १० कोटी आणि १०० कोटी. आता प्रश्न येतो की अमुक कंपनीचं भांडवल ३ कोटी, टर्नओव्हर ३० कोटी, ही स्मॉल कंपनी आहे का, आणि तू मस्त सेक्शन लिहून, व्याख्या लिहून, शेवटी 'नाही' लिहून येतेस. सगळं सुंदर, उत्तर चूक. तसंच ओपीसीचं, म्हणजे एकाच माणसाच्या कंपनीचं, ५० लाख-२ कोटी ओलांडले की कंपनी बदलावीच लागायची ते १ एप्रिल २०२१ ला गेलं, डायरेक्ट भारताबाहेर राहणाऱ्या भारतीयालाही ओपीसी काढता यायला लागली, आणि राहण्याची अट १८२ दिवसांची १२० झाली. सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे) नियम जानेवारी २०२१ मधे बरेच बदलले. म्हणून लॉचं जुनं पुस्तक पूर्ण बंद. संदर्भाला सुद्धा नको.

टॅक्सचं तर विचारूच नको. दादाच्या नोट्समधे असेल की देशी कंपनीचा डिव्हिडंड शेअरहोल्डरच्या हातात एक्झेम्प्ट, कंपनी डीडीटी (डिव्हिडंड वाटपावरचा टॅक्स) भरते. ते १ एप्रिल २०२० पासून बंद झालं, आता डिव्हिडंड घेणाऱ्याच्या हातात टॅक्स लागतो. नवीन टॅक्स रेजीम असेसमेंट इयर २०२४-२५ पासून डिफॉल्ट झाली, म्हणजे प्रश्नात काही म्हटलं नसेल तर हिशोब त्या स्लॅबने सुरू होतो आणि जुन्यात जायचं असेल तर निवडावं लागतं, दादाच्या काळात ही रेजीमच नव्हती! कॅपिटल गेन्सचे दर २३ जुलै २०२४ ला बदलले, लिस्टेड शेअर्सवरचा शॉर्ट टर्म १५ टक्क्यांवरून २०, लाँग टर्म १० वरून साडेबारा, सूट १ लाखाची सव्वा लाख. जीएसटीमधे त्या सुमाराच्या नोट्स असतील तर रूल ३६(४) असेल, की सप्लायरने अपलोड न केलेल्या बिलांचं क्रेडिट सुद्धा २० टक्क्यांपर्यंत जास्तीचं घेता येतं, मग ते १० झालं, ५ झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य झालं. अशा गणितात एक दर चुकला की ती चूक खालच्या टोटलपर्यंत चालत जाते, स्टेप मार्क मिळतात पण त्यावर पेपर निघत नाही.

आणि हे मुद्दाम सांगते कारण घरी अभ्यास करणाऱ्या मुलांचं इथे हमखास उलटं होतं: जुनं जसं चालत नाही तसं अगदी ताजं पण चालत नाही. १ फेब्रुवारीला टीव्हीवर बजेट बघितलं, त्यातले स्लॅब वहीत उतरवले आणि सप्टेंबरच्या पेपरला तेच लिहिले असं करायचं नाही. इन्स्टिट्यूट प्रत्येक अटेम्प्टसाठी ठरवून देते की कुठला फायनान्स ॲक्ट, कुठलं असेसमेंट इयर आणि नोटिफिकेशन्स कुठल्या तारखेपर्यंतची धरायची, आणि ती तारीख परीक्षेच्या काही महिने आधीची असते. त्यात आता इन्कम टॅक्स ॲक्ट २०२५ आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात सेक्शनचे नंबरच बदललेत, आपलं सगळ्यांचं लाडकं ८०सी तिकडे १२३ आहे, प्रीव्हियस इयर-असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं. यूट्यूबवर तर त्याचा नुसता पाऊस पडतोय. तू आधी इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या पानावर जाऊन तुझ्या अटेम्प्टची अप्लिकेबिलिटीची घोषणा काढ, प्रिंट मार आणि भिंतीला लाव, मग त्यात जे लिहिलंय तेवढंच खरं, बाकी कोणी काहीही सांगो, अगदी मी सांगितलं तरी. वरच्या स्मॉल कंपनीच्या आकड्यांचं पण तेच, आज कायदा काय म्हणतो ते मी लिहिलं, तुझ्या पेपरला त्यातला कुठला टप्पा धरायचा ते त्या कागदावरून ठरव.

ऑडिटचा गठ्ठा मधल्या अवस्थेत आहे. स्टँडर्ड्सचा गाभा बराचसा तोच, ऑडिट एव्हिडन्स, सॅम्पलिंग, डॉक्युमेंटेशन हे समजून घ्यायला दादाच्या हस्तलिखित नोट्स वाच, पण लिहायला उत्तर नव्या मटेरियलमधूनच पाठ कर. त्या नोट्समधे कॅरो (ऑडिट रिपोर्टमधे काय लिहायचं त्याचा सरकारी आदेश) २०१६ आहे, आता कॅरो २०२० आहे, २०२१-२२ च्या आर्थिक वर्षापासून लागू, क्लॉज १६ चे २१ झाले. जुनं कॅरो आधी पाठ करून मग त्यावर नवीन चढवायचा प्रयत्न केलास तर क्लॉजचे नंबर डोक्यात असे गुंततात की विचारू नको. अकाउंट्समधे हायर पर्चेस, डिपार्टमेंटल अकाउंट्स, बँकिंग कंपनी हे चॅप्टर इंटरमधून गेलेत, सोडवू नको, आवडत असले तरी. अमाल्गमेशन, इंटर्नल रिकन्स्ट्रक्शन, बायबॅक, ब्रँच यांची जुनी गणितं सरावाला चालतील. फक्त कंपनी फायनल अकाउंट्स जुन्या फॉरमॅटने करू नको, कारण कंपनी कायद्याचं शेड्यूल तीन, ज्यात ताळेबंदाचा फॉरमॅट असतो, १ एप्रिल २०२१ पासून बदललंय, देणी-येण्यांचं एजिंग, रेशो वगैरे डिस्क्लोजर नवीन आलेत, आणि फॉरमॅटची सवय हाताला लागलेली असते, ती परीक्षेत आपोआप उतरते.

आता आनंदाची बातमी. कॉस्टिंग आणि एफएम. प्रोसेस कॉस्टिंगमधला ॲबनॉर्मल लॉस २०१९ ला जसा काढायचे तसाच आजही काढतात, स्टँडर्ड कॉस्टिंगचे व्हेरिअन्स, मार्जिनल कॉस्टिंगचा ब्रेक-इव्हन, कॅपिटल बजेटिंग, लिव्हरेज, वर्किंग कॅपिटल, यांना कुठलंही फायनान्स ॲक्ट हात लावत नाही. दादाचं प्रॅक्टिस मॅन्युअल त्याने पेन्सिलने सोडवलेलं असेल तर सोनं आहे ते, फक्त त्याची सोडवलेली पानं आधी झाकून ठेव, स्वतः सोडव, मग बघ. पेनड्राइव्हमधली लेक्चर्स पण या दोन विषयांची ठेव आणि लॉ-टॅक्सची सरळ डिलीट कर. "बेसिक तरी कळेल" म्हणून ऐकू नको. शिकवणारे सर चांगले असले की चुकीची गोष्ट पण कायमची लक्षात राहते.

एक गोष्ट मात्र सहाही पेपरना लागू आहे, आता प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू आहेत, अकाउंट्स-कॉस्टिंगला सुद्धा, आणि बरेचसे केस सिनारिओवर असतात, म्हणजे अर्धं पान गोष्ट वाचायची आणि त्यावर तीन-चार प्रश्न. दादाच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात हे मिळणार नाही. त्यामुळे गणितं त्याच्या पुस्तकातून आणि एमसीक्यू इन्स्टिट्यूटच्या केस सिनारिओ बुकलेटमधून, अशी जोडी लाव.

पैशांचं. तू पत्रात लाज वाटते असं लिहिलंयस, पण मला वाटतं तू आधी बघितलंच नाहीस की पैसे कशाला लागतात. इन्स्टिट्यूटचं सगळं स्टडी मटेरियल बोर्ड ऑफ स्टडीजच्या पोर्टलवर पीडीएफमधे फुकट आहे. आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) फुकट, मॉक टेस्ट पेपर आणि त्यांची उत्तरं फुकट, मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स फुकट, लाइव्ह कोचिंग क्लासेस सुद्धा फुकट, मोबाइल ॲप आहे त्यावर पण दिसतात. मटेरियलवर ते कुठल्या परीक्षेपासून लागू आहे ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून डाउनलोड कर, आणि त्यानंतरचे बदल स्टॅट्यूटरी अपडेट आणि आरटीपीमधे येतात, म्हणजे टॅक्स आणि लॉसाठी मटेरियल अधिक अपडेट अधिक तुझ्याच अटेम्प्टचं आरटीपी हे तीन एकत्र धरले की काम झालं. मोबाइलवर हजार पानं वाचून डोळे फुटतील म्हणून लॉ आणि टॅक्स झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून स्पायरल कर, बाकीचं स्क्रीनवर चालेल. एवढा खर्च पप्पांना सांगायला लाजायचं काय? दुकानदार माणूस आहे, कुठल्या मालाची तारीख उलटलीय आणि कुठला अजून विकता येतो हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

छापील पुस्तक हवंच असेल तर अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड बघ किंवा मागच्याच अटेम्प्टला पास झालेल्या कोणाकडून घे, सोलापूरला इन्स्टिट्यूटची ब्रँच आहे तिथे एकदा जाऊन ये, मुलं भेटतील, मॉक टेस्टची चौकशी पण होईल. फक्त घेताना किंवा टेलिग्रामवरच्या फुकट नोट्स उघडताना कव्हरवरच्या सालावर जाऊ नको, लोक आतलं तेच ठेवून कव्हर बदलतात. लॉ असेल तर स्मॉल कंपनीचे आकडे बघ, टॅक्स असेल तर डिव्हिडंड आणि स्टँडर्ड डिडक्शन बघ, नवीन रेजीमला ७५ हजार दिसतंय की अजून ५० हजारच आहे, जीएसटी असेल तर ३६(४), ऑडिट असेल तर कॅरोचं साल. पाच मिनिटांत नोट्सचं वय कळतं. हे आकडे नीट असतील तरच पुढचं वाच.

काही जण सांगतील की जुनंच पुस्तक वापर आणि बदल तेवढे चिठ्ठ्या चिकटवून घे. ग्रुप २ च्या ऑडिटपुरतं एखाद-दुसऱ्या ठिकाणी ठीक आहे, लॉ-टॅक्सला अजिबात नको. आमच्याकडे आर्टिकलशिपला (सीएकडे करायच्या ट्रेनिंगला) आलेल्या एका मुलाचं टॅक्सचं पुस्तक मी बघितलंय, एका परिच्छेदावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या, त्यातली एक दुसरीला रद्द करणारी, आणि त्यालाच सांगता येईना की शेवटची कुठली. रिव्हिजनच्या रात्री डोळे छापलेल्या ओळीवरच जातात, चिठ्ठीवर नाही.

आता दोन्ही ग्रुप द्यायचे का. तुझा क्लास नाही, लॉ पुन्हा शून्यापासून, टॅक्सला अजून हात लागलेला नाही असं पत्रावरून दिसतंय. दोन्ही ग्रुप एकदम देण्याचा फायदा आहे, प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के हा हिशोब दोन्ही मिळून जमतो, एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला तारतात. शिवाय आता आर्टिकलशिप दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे घाई का वाटते तेही कळतं. तरी तुझ्या जागी मी सप्टेंबरला फक्त ग्रुप २ दिला असता. तुझ्याकडचं जे जुनं अजून कामाचं आहे ते बहुतेक त्याच ग्रुपचं आहे, आणि आता परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, त्यामुळे ग्रुप १ जानेवारीला घेतला तर आभाळ कोसळत नाही. असं ठरवलंस तर टॅक्सचं मटेरियल आत्ता प्रिंट करू नको, जानेवारीला कुठला कायदा लागू ते वेगळं बघावं लागेल, नाहीतर चार महिन्यांनी तूच कोणाला तरी जुनी पुस्तकं देत बसशील. लॉचं कंपनी ॲक्टचं वाचन मात्र आठवड्यातून एक-दोन दिवस चालू ठेव, ते एकदम गिळता येत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना पण एक जपायचं. कॉस्टिंग-एफएमच्या कितीही जुन्या चालतील. लॉ-टॅक्सच्या मे २०२४ च्या आधीच्या सोडवू नको आणि नंतरच्या सोडवल्यास तर उत्तर नव्या मटेरियलवरून तपास, कारण सजेस्टेड आन्सरमधे त्या वेळचा कायदा असतो, तो नंतर कोणी दुरुस्त करत नाही. सेक्शन नंबर पक्का आठवत नसेल तर लिहू नको, "कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार" असं इंग्लिशमधे लिहून पुढे जा.

राहिला दादा. अगं तो सीए आहे, दर फेब्रुवारीपासून त्याचं स्वतःचं आयुष्य हेच बदल वाचण्यात जातं, पुस्तकं जुनी झाली म्हटल्यावर त्याला वाईट वाटणार नाही, उलट "माझ्या लक्षातच नाही आलं" म्हणेल. त्याला फोन करून सांग की कॉस्टिंग-एफएमची पुस्तकं ठेवतेय, आणि त्याच्याकडून आता पुस्तकांपेक्षा महाग गोष्ट माग: दर रविवारी तू ऑडिटची दोन उत्तरं लिहून फोटो पाठवणार आणि त्याने लाल पेनने खोडून परत पाठवायची. घरी अभ्यास करणाऱ्याला नेमकं हेच मिळत नाही, क्लासवाले याचेच पैसे घेतात. लॉ-टॅक्सचा गठ्ठा त्याला विचारूनच रद्दीत घाल, आणि घालायच्या आधी पानं एकदा झटकून बघ, पोरं असल्या पुस्तकांत हॉल तिकीट, मार्कशीट काय काय ठेवून विसरतात.